शेण राखणारीचं, वासरू धनिणीचं

दार-एस-सलाम
१२ फेब्रुवारी १९८६

प्रिय सिफाएली,

बसच्या ड्रायव्हरने तुझा निरोप दिला. गाय तांबूस आहे, कपाळावर पांढरा टिळा आहे, चार दाती आहे आणि बाजारात तू व्यापाऱ्याला रडवून सोडलंस, हे सगळं त्याने इतकं रंगवून सांगितलं की शाळेच्या फाटकाशी गर्दी जमली. मी त्याला गप्प केलं. राखणीला दिलेली गाय कुणाची, हे डोंगरावर कधी कुणी बोलून दाखवतं का? हा पठ्ठ्या किनाऱ्यावर येऊन दवंडी पिटत होता.

तर ठरलेलं पुन्हा एकदा लिहिते. मास्तरीण आहे, लिहिल्याशिवाय मला ठरल्यासारखं वाटत नाही. दूध आणि शेण राखणारीचं, म्हणजे तुझं. वासरं धनिणीची, म्हणजे माझी. तिसरं वासरू तुझं. कुणी विचारलं तर गाय तुझीच. माझ्या भावाला, कुंदाएलीलाही कळता कामा नये.

आता एक गोष्ट मागते. मागायचा हक्क नाही, कारण शेण तुझं आहे. कुंदाएलीने लिहिलं होतं की आईची गाय गेल्यापासून तिच्या केळी बारीक झाल्यात, घड हाताएवढे येतात. तो स्वतः गोणीतलं खत खालच्या मक्याला घालतो, आईच्या बागेकडे बघतही नाही. तुला जमलं तर आठवड्याला दोन पाट्या शेण आईच्या बागेत टाकशील का? माझं नाव न घेता.

रीतीप्रमाणे माहेरी बिअर नाही, बोकड नाही, मी नुसती सरकारी कचेरीत सही करून सलेहशी लग्न केलं, त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत आईने माझ्या एकाही पत्राचं उत्तर दिलेलं नाही. तिला लिहिता येत नाही हे खरं, पण कुणाकडून लिहून घेता येतं.

तुझी,
आइका


माचामे
२० एप्रिल १९८६

प्रिय आइका,

तुझी गाय राणी आहे गं. मी तिला चांदी म्हणते. सकाळी केळीचा खुंट बारीक चिरून, दुपारी खालच्या माळावरचं गवत, संध्याकाळी पुन्हा केळीची पानं. मी गवताचा भारा डोक्यावरून आणते तेव्हा माझी मान आणि तिची मान दोन्ही एकदमच लांब होतात. वर लाथही मारते. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं मी पोरींना सांगते आणि पोटरी चोळत बसते.

पाऊस लागायच्या आधी मी प्रत्येक केळीच्या बुडाशी दोन-दोन पाट्या शेण गाडलं. माझा नवरा गेल्यापासून या बागेने इतकं चांगलं खाल्लं नव्हतं.

आता ज्याची तू वाट बघतेस ते. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. पहिल्याच शनिवारी दोन पाट्या घेऊन तुझ्या आईकडे गेले. म्हातारी ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "कुणाच्या गाईचं?"

"माझ्या," म्हटलं.

"तुझ्या? तुझ्याकडे काल मिठाला पैसे नव्हते. गाय कुठून आली, आभाळातून पडली?"

मला खोटं बोलता येत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे. मी खाली बघितलं, आणि तेवढं तिला पुरलं. उठली, दोन्ही पाट्या एकेक करून पाटात ओतल्या. "त्या पोरीचं शेणसुद्धा माझ्या केळींना नको," म्हणाली. पाट खाली पाद्रीबाबांच्या बागेत जातो, तेव्हा त्या आठवड्यात देवाच्याच केळी पोसल्या गेल्या.

मी हसून लिहिते आहे, पण रिकाम्या पाट्या घेऊन परत येताना मला कुणाकडे बघवत नव्हतं.

तुझी,
सिफा


दार-एस-सलाम
९ मे १९८६

सिफाएली,

बरं झालं, कळलं.

आता मला एक वचन दे. माझ्या गाईचं काहीही, शेण नाही, दूध नाही, दाव्याचा तुकडासुद्धा, त्या घरात जाता कामा नये. वाळू देत तिच्या केळी. तिला माझ्याशिवाय जगायचं आहे, तर जगू दे.

सलेह म्हणतो, तुमच्या डोंगरावर माणसांपेक्षा शेणाची चर्चा जास्त. मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो जेवण अर्धं सोडून बाहेर गेला. बिचाऱ्याचा काय दोष?

वचन लिहून पाठव.

आइका


माचामे
१ फेब्रुवारी १९८७

प्रिय आइका,

चांदी व्याली! कालवड! आईसारखीच तांबूस, आणि कपाळावर तोच टिळा, जणू कुणी मापाने लावला. माझ्या पोरींनी चीक खाऊन पोटं फुगवून घेतली आहेत.

तुझी पहिली कालवड, धनिणबाई. आता तू डोंगरावर दोन गुरांची मालकीण आहेस आणि कुणालाही ठाऊक नाही. यापेक्षा मोठी श्रीमंती काय असते?

तुला हवं होतं तसं वचन मी मागेच लिहून पाठवलं होतं. तुझी पोच आली नाही, म्हणजे बसमध्ये कुठे पडलं असेल. म्हणून पुन्हा लिहिते: दिलं.

सिफा


दार-एस-सलाम
१५ मार्च १९८७

प्रिय सिफा,

पत्र वर्गात वाचलं आणि पोरांना अर्धा तास लवकर सोडलं. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, तर सांगितलं की घरी बाळंतपण झालंय.

वेडेपणा वाटेल, पण रात्री डोळे मिटले की मी त्या कालवडीला तिकडे उभी बघते. माझी मुलं इथेच जन्मली, त्यांना डोंगर चित्रातला माहीत आहे. माझं म्हणून तिकडे काहीतरी चरतंय, श्वास घेतंय, एवढ्यानेच मला आपण अजून तिथल्याच आहोत असं वाटतं.

आईचं काही विचारत नाही. तूही सांगू नकोस.

आइका


माचामे
२६ जुलै १९८७

प्रिय आइका,

वाईट बातमी आहे. कालवड गेली. गवतातून गोचिडी आल्या असाव्यात, त्यांचाच ताप. तीन दिवस काही खाल्लं नाही, मान लाकडासारखी झाली, आणि गेली. डॉक्टरला बोलवायला मी मोठीला धाडलं होतं, पण तो खाली दुसऱ्या गावाला गेला होता. आला तेव्हा सगळं संपलं होतं.

धनिणीला दाखवायला कातडं ठेवायचं असतं, हे मला माहीत आहे. नाही ठेवलं. कुत्री फार झाली होती, म्हणून पुरून टाकलं. चूक झाली. तू म्हणशील तसं भरून देईन, माझ्या वाट्याचं तिसरं वासरू तू घे.

चांदी मात्र धडधाकट आहे. पुन्हा गाभण आहे. पाऊस बरा झाला. कॉफीला यंदा दाणा चांगला आहे. मला जास्त लिहवत नाही.

सिफा


दार-एस-सलाम
१६ ऑगस्ट १९८७

माझी सिफा,

मी कातडं मागेन असं तुला वाटलंच कसं? आपण एका बाकावर बसलो, एका पाटीवर लिहिलं, एकाच छडीने मार खाल्ला. तू म्हणतेस मेली, तर मेली. तुझं तिसरं वासरू तुझंच राहील.

मी रडले हे खरं. पण तुझ्या पत्रातला तो अपराधीपणा वाचून जास्त रडले. तू का लाजतेस? लाज वाटायची तर मला वाटायला हवी. गवताचे भारे तू वाहतेस आणि वासरं मी मोजते.

बसबरोबर मिठाचे खडे आणि गोचिडीचं औषध पाठवलं आहे.

तुझी,
आइका


दार-एस-सलाम
११ जानेवारी १९८८

सिफाएली,

हे पत्र कुंदाएलीच्या हाती देते आहे. तो नवीन वर्षाला इथे आला होता. तीन दिवस राहिला, आणि तिसऱ्या दिवशी जेवता जेवता सहज म्हणाला, "आईच्या गोठ्यात पुन्हा गुरू आलंय. सिफाएलीने आपली कालवड राखणीला ठेवलीय. कपाळावर टिळा आहे. आईच्या केळी सुधारल्यात. आई सिफाएलीला पोरी म्हणून हाक मारते. लोक म्हणतात, सख्ख्या लेकीने पाटीभर शेण दिलं नाही, परकीने गुरू दिलं."

मी उठून ताट मोरीत नेऊन ठेवलं.

मेलेली कालवड चालत माझ्या आईच्या दारात गेली, आणि तुझ्या नावाने गेली. मी तुला औषध पाठवलं, सिफा. मी तुझं सांत्वन केलं. एकदा तरी तुला लिहावंसं वाटलं नाही? आणि वचन? ते बसमध्ये पडलं म्हणालीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुला गुरूच चोरायचं असतं तर मी काही बोलले नसते. तू माझ्या कालवडीच्या बदल्यात माझी आई घेतलीस.

मी भावाला सगळं सांगितलं आहे. तो चांदीला घेऊन जाईल. अंधार पडायची वाट बघू नकोस असं मीच त्याला बजावलं आहे. लोकांना दिसू दे गाय कुणाची होती ते.

आइका


माचामे
१४ फेब्रुवारी १९८८

आइका,

तुझी इच्छा पूर्ण झाली, सगळ्यांना दिसलं.

बाजाराचा दिवस होता. सकाळचे दहा. बायका टोपल्या घेऊन रस्त्यावर, पाटावर निम्मं गाव धुणं धुतंय, आणि कुंदाएली हातात तुझं पत्र घेऊन माझ्या अंगणात. आपल्याकडे राखणीची गाय परत न्यायची तर काळोखात नेतात, ते धनिणीचं गुपित राहावं म्हणून, आणि राखणारीची अब्रू राहावी म्हणूनही. भर दिवसा कुणाची गाय नेतात, ते तुला माहीत आहे. चोराकडची.

चांदी त्याच्याबरोबर जाईना. सात महिन्यांची गाभण, पाय रोवून उभी राहिली. त्याने दावं ओढलं, मागून काठी मारली. मला ते बघवेना. म्हणून मी केळीचं एक कोवळं पान तोडलं आणि तिच्यापुढे चालू लागले. ती माझ्या मागून आली. अशी मी स्वतःच तुझी गाय माझ्या गोठ्यातून बाहेर काढली, सगळ्या बाजाराच्या समोरून, कुंदाएलीच्या दारापर्यंत. पाटावरची एकही बाई बोलली नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता माझं ऐक. एकदाच सांगेन.

मागच्या जूनमध्ये मी तुझ्या आईच्या बागेतून जात होते. तू ती बाग पाहिली नाहीस. उभ्या केळी नखाने सोलाव्या तशा वाळून सोलवटल्या होत्या. आणि म्हातारी काय करत होती? केळींच्या बुडाशी फुटलेले मुनवे उपटून त्यांचे गड्डे शिजवत होती, आइका. पुढच्या वर्षीची केळी ती त्या वर्षी खात होती. कुंदाएली तिला मक्याचं पीठ देतो, पण बायको बघत नसेल तेव्हा. गाय केळीचा खुंट खाते, केळ गाईचं शेण खाते, आणि आपण दोघींचं खातो. यातली एक काढली की उरलेली दोन्ही मरतात, हे शिकायला शाळेत जावं लागत नाही.

तुला लिहिलं असतं, तर तू नको म्हणाली असतीस. तुझं पत्र माझ्या पेटीत होतं, "वाळू देत तिच्या केळी." तिला खरं सांगितलं असतं, तर तिने कालवडीलाही पाटात ढकललं असतं. तुम्ही दोघी एकाच मातीच्या. म्हणून तुला सांगितलं मेली, आणि तिला सांगितलं माझी.

खोटं बोलल्याची लाज वाटते. तुझं औषध आलं त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन बसले होते. पण त्याहून मोठी लाज वेगळीच आहे, ती आता सांगते. तिने मला पहिल्यांदा "पोरी" म्हटलं, तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मला नका म्हणू. मी गप्प बसले. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. कालवड मी चोरली नाही, आइका. तो शब्द चोरला.

चांदीने काल गाभ टाकला. कुंदाएलीची बायको गवत कापत नाही, गाय उतारावर उन्हात बांधलेली असते. गोऱ्हा होता. पूर्ण भरला होता, फक्त केस आले नव्हते.

सिफाएली


दार-एस-सलाम
६ मार्च १९८८

सिफा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज वही उघडते आणि मिटते. पोरांना शुद्धलेखन सांगते आणि स्वतःला एक वाक्य येत नाही.

मी आईविषयी काय लिहिलं होतं ते मी विसरले होते. तू जपून ठेवलंस. मी तुझ्यावर भर बाजारात चोरीचा आळ घेतला, आणि तू त्याच वेळी माझ्या गाईला मार बसू नये म्हणून पुढे चाललीस. हे आठवलं की मी कुठेही असले तरी उठून दुसऱ्या खोलीत जाते. सलेह विचारतो काय झालं. काय सांगू?

कुंदाएलीला लिहिलं आहे की चांदी तुला परत दे.

लिफाफ्यात आपलं माफीचं पान आहे, गाठ मारलेलं. इथे हे झाड शोधायला मला चार दिवस लागले. एका पोलिसाच्या कुंपणाला सापडलं. चोरून तोडलं. यायला हवं होतं, पण तोंड दाखवायची हिंमत नाही.

आइका


माचामे
३ एप्रिल १९८८

आइका,

पान मिळालं. चुरगळून, काळं पडून मिळालं, पण गाठ शाबूत होती.

हे पान आलं की नाही म्हणता येत नाही. ज्याचा मुलगा मारला गेला त्यालाही म्हणता येत नाही. हे तुला माहीत होतं, म्हणून तर पाठवलंस. तेव्हा केली माफ. पण एक सांगू? पान आणणाऱ्याला दारात उभं राहावं लागतं. समोरच्याला मनसोक्त शिव्या देता याव्यात म्हणून. तू मला पान दिलंस आणि शिव्या द्यायला समोर कुणाला ठेवलं नाहीस. मी लिफाफ्याला देऊन पाहिल्या. मजा नाही आली.

कुंदाएली चांदीला घेऊन आला होता. मी घेतली नाही. भर दिवसा नेलेली गाय, आता आणायची तर धनिणीने स्वतः आणावी, भर दिवसा. मी इथे आहे.

आता तुझ्या आईचं, जे मागच्या पत्रात लिहिलं नाही. तिला सगळं कळलं. गाय नेली त्या दिवशी कुंदाएलीने चौकात तुझं पत्र वाचून दाखवल्यावर कुणाला कळायचं राहिलं? दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तिची सगळी पत्रं काढ. वाच."

मी म्हटलं, "म्हातारे, सगळी नको."

"सगळी. पहिल्यापासून."

वाचली. मध्ये दोन ओळी गाळायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "तू थांबलीस. जिथे थांबलीस ते वाच." तेही वाचलं. "वाळू देत" तेही. मग म्हणाली, "बरोबर आहे. दोन पाट्या मी ओतल्या, मग ती तरी काय लिहिणार?"

मी तिला विचारलं की कालवड तुझी आहे हे तिला खरंच कळलं नव्हतं का. तर माझ्याकडे असं बघितलं की मी शाळकरी पोर झाले. "मला डोळे नाहीत? त्या गाईचा टिळा घेऊन आलेलं वासरू, आणि मला कळणार नाही कुणाचं? तुझ्या नावाने आलं म्हणून घेता आलं. तिच्या नावाने आलं असतं तर पुन्हा तेच केलं असतं मी. एवढीच अक्कल आहे मला." आणि मग, उठताना, "मी पोरी म्हणायचे ते कुणाला म्हणायचे, ते मला ठाऊक आहे."

मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण हलकंही वाटलं.

तेव्हापासून ती रोज सकाळी कालवडीच्या शेणाची पाटी माझ्या बागेत आणून टाकते. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर चुंबळ ठेवून, पाट ओलांडून. नको म्हटलं तर म्हणते, "तुझा गोठा कुणामुळे रिकामा झाला?" तिने तुला एक निरोप द्यायला सांगितलाय, तिच्याच शब्दांत लिहिते. "कालवड मी राखणीला ठेवते. शेण माझं, दूध येईल तेव्हा माझं, वासरं तिची. पण धनिणीने येऊन आपलं गुरू बघून जायचं असतं. न बघता राखणी होत नाही."

यापलीकडे ती काही म्हणणार नाही. तू तिला ओळखतेस.

सिफा


दार-एस-सलाम
१ मे १९८८

सिफा,

हे पत्र वाचून जाळून टाक.

मी आले होते.

गेल्या शनिवारी. सलेहने स्वतः तिकीट काढून दिलं, मुलांना सांभाळतो म्हणाला. नऊ वर्षं म्हणत होते, आता अकरा झाली. बसमध्ये एका बाईने विचारलं, कुणाकडे निघालीस? मी म्हटलं, आईकडे. तो शब्द तोंडातून किती सहज निघाला!

मी वरच्या वळणावर उतरले. चिखल, धुकं, सगळं तसंच. खालून पाट वाहत होता. आणि आई दिसली. डोक्यावर शेणाची पाटी, एक हात पाटीला, एका हातात काठी. पाटावरच्या फळीवरून ती तुझ्या बागेत उतरत होती. इतकी लहान कधी झाली गं ती? पाटीखाली तोंडच दिसत नव्हतं.

मी पळत जाऊन पाटी उतरवायला हवी होती. कोणतीही मुलगी तेच करते. मला माझे बूट दिसले. हातातली शहरातली पिशवी दिसली. वाटलं, आता ही मान वर करेल आणि मला बघेल, आणि ती पाटी माझ्यामुळे तिच्या डोक्यावर आहे हे आम्हा दोघींना एकदम दिसेल. मी वळणावरच्या कॉफीच्या झुडपांत शिरले. त्रेचाळीस पोरांची मास्तरीण, चाळिशीला टेकलेली बाई, झुडपात बसून राहिले. खाली जाणारी बस आली तेव्हा हात केला आणि चढले.

घरी येऊन सलेहला सांगितलं की आई बरी आहे, सगळं छान झालं. तो इतका खूश झाला की त्याने मुलांसाठी मासे आणले. सगळ्यांनी मिळून खाल्ले. मीही खाल्ले.

कुणाला सांगू नकोस. आईला तर मुळीच नको.

आइका


माचामे
१५ मे १९८८

आइका,

पत्र जाळलं. त्याआधी तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही, शपथ घेते. गरजच नव्हती.

तिने तुला पाहिलं होतं. बसमधून उतरलीस तेव्हाच. पिवळा रुमाल बांधला होतास आणि उजव्या पायाने उतरताना अजून तशीच अडखळतेस, असं म्हणाली. तू झुडपात शिरलीस तेही पाहिलं. पाटी टाकून ती माझ्या बागेतच केळीच्या बुडाशी खाली बसली, तुझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, "हाक मारू?" तर माझा हात धरला. "नको. तिला लाज वाटतेय. लाजलेल्या माणसाला हाक मारली की ते पळतं. मला ठाऊक आहे, मी अकरा वर्षं तेच केलंय."

बस येऊन तू जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. तासभर तरी झाला असेल. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी बघत होते आणि तिला सांगत होते. अजून आहे, म्हटलं की ती मान हलवायची.

सलेहला खरं सांग आणि पुढच्या तिकिटाचे पैसे मागून घे. चांदीला अजून कुंदाएलीच्या उतारावरून कुणी हलवलेलं नाही. कालवड वाढली आहे. माझा गोठा झाडून ठेवला आहे.

आणि एक. काल सकाळी तुझी आई कोयता घेऊन वळणावर गेली आणि तिथली सगळी कॉफी गुडघ्याएवढी छाटून आली. हिरव्या दाण्यांसकट. हा छाटणीचा महिना नव्हे, मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, "फार वाढली होती."

सिफा